एक्केचाळीस घागरींचं बाष्पीभवन

निंबळवाडी, ता. बदनापूर
९ फेब्रुवारी २००३

चि. धर्मराज यास,

आशीर्वाद. रागात असलो तरी ते द्यावेच लागतात, थोरल्याला सुटका नाही.

सव्वा वर्षात तू या घराला पत्र टाकलं नाहीस, मीही टाकलं नाही. २००१ च्या दिवाळीला तुझ्या रिपोर्टावरून आपलं वाजलं, तू भाऊबीज न थांबता हैदराबादची गाडी धरलीस आणि मी "जाऊ द्या" म्हणालो. तेव्हा मी रिपोर्ट वाचलेला नव्हता, नुसता ऐकला होता. आता वाचला. पाटबंधाऱ्याच्या साहेबांनी आमच्या पाणीवापर संस्थेला प्रत पाठवली आहे. मी दहावी नापास आहे, पण इंग्रजी येतं, हळू येतं. एकशे बारा पानांना आठ दिवस लागले.

मॉडेल चांगलं आहे बाबा. उन्हानं जमिनीतलं किती पाणी उडतं, पानांवाटे झाड किती पाणी हवेत सोडतं, दोन्हींची बेरीज कॉम्प्युटर जागेवर बसून सांगतो. नऊ देशांत तपासलं, नऊ हवामानांत तपासलं, सगळीकडं बराबर आलं. बर्फाचा देश आहे त्यात, समुद्रकाठ आहे, एक वाळवंटही आहे. तुझं कौतुक वाटलं. पान त्रेचाळीसपर्यंत वाटलं.

पान त्रेचाळीसला खाली बारीक अक्षरात टीप आहे. निंबळवाडी केंद्रावरील स्थानिक निरीक्षकाच्या १९८१ ते १९९९ या काळातील नोंदी अविश्वसनीय आढळल्याने पूर्णतः वगळल्या आहेत.

स्थानिक निरीक्षक म्हणजे कोण रे? तुझ्या शाळेच्या दाखल्यावर पालक म्हणून ज्याची सही आहे, तोच ना? अठरा वर्षं सकाळी साडेआठला मी हवामान केंद्रातल्या त्या चार फुटी परातीवर वाकलो. जाळी काढायची, आतली खूण बघायची, पितळी मोजपात्रानं पाणी टाकून खूण गाठायची. जेवढं टाकलं तेवढं काल उडालं, ते वहीत मांडायचं. ताप असताना गेलो. आपल्या तात्यांना मसणात पोचवून आलो त्या दिवशीही ओल्या धोतरानं गेलो, कारण साडेआठ वाजत आले होते. आणि तू एका ओळीत मला लबाड ठरवलंस, तेही नाव न घेता. नाव घेतलं असतंस तर निदान भांडायला तोंड राहिलं असतं.

ही माझ्या नाकाची गोष्ट असती तर गिळली असती. रोपांची दुकानदारी करून राह्यलो, गिळायची सवय आहे. पण तुझं मॉडेल म्हणतं, मे महिन्यात इथं दिवसाला सहा पूर्णांक नऊच मिलिमीटर पाणी लागतं. त्या हिशेबानं साहेबांनी तलावातून मोसंबीला उन्हाळ्यात पाणी सोडायच्या चारच पाळ्या लावल्या, आजवर सहा मिळायच्या. तिसरी आणि चौथी यांत एकतीस दिवस. माघात फुललेल्या आंबे बहाराची फळं लिंबाएवढी असताना, मे महिन्यात, एकतीस दिवस! फळं तर गळतीलच, पण झाडं वाळली की नवी लावून फळाला येईस्तोवर सहा-सात वर्षं जातात. गावात तीनशे चाळीस एकर मोसंबी आहे.

१२ मार्चला बदनापूरला सुनावणी आहे. संस्थेचा अध्यक्ष म्हणून मला बोलायचं आहे. तू ये, आणि माझ्या नोंदी खऱ्या आहेत असं सांग. यायचं नसेल तर लिहून दे.

कडूबा


२३ फेब्रुवारी २००३

चि. धर्मराज,

तुझं पाकीट मिळालं. त्याला पत्र म्हणायचं का? माझ्याच वहीतल्या १९८७ च्या पानाची झेरॉक्स, १९ एप्रिल ते २९ मे. एक्केचाळीस आकड्यांभोवती लाल गोल, आणि खाली तीन शब्द: "दादा, हे कसं?"

तुझी वहिनी झुंबरबाई म्हणाली, "निदान दादा तरी म्हन्लंय." तिला तेवढंच पुरतं.

बावीस, साडेबावीस, तेवीस. मला दिसतं रे. इथल्या उन्हात परातीतून बारा-तेरा मिलिमीटर उडतं, तेवीस नाही, हे तुझ्या कॉम्प्युटरनं सांगायला नको. तू इंजिनिअरिंगच्या होस्टेलात होतास, म्हणून त्या सालची निंबळवाडी तुला माहीत नाही. तिसरं दुष्काळाचं साल. गावचा आड कोरडा, टँकर चार दिवसांनी. पाणी होतं ते फक्त केंद्राच्या विहिरीला, आणि तिच्यावर मोठ्या साहेबांनी कुलूप घातलं. लेखी हुकूम होता, परातीपुरतं पाणी काढायचं, बाकी थेंब नाही. विहिरीची वही वेगळी, परातीची वेगळी, महिनाअखेर दोन्हींचा मेळ बसला पाहिजे. किल्ली माझ्याकडं.

आता ऐक. माझ्या जोडीला दुपारच्या नोंदी घ्यायला कमरोद्दीन होता, तुला माहीत आहे. त्याच्या घरी रजिया जन्मली त्या उन्हाळ्यात. ओली बाळंतीण घरात आणि रांजण पालथा. त्याच्या बायकोचं, कमरबी वहिनीचं तोंड बघवेना. मी रोज सकाळी एक घागर जास्त काढली आणि तिच्या उंबऱ्यात ठेवली. ती घागर विहिरीच्या वहीत लिहावीच लागायची, मग परातीच्या वहीत ती कुठं दाखवणार? उन्हानं नेली असं दाखवली. गुन्हा आहे. पण तान्ह्या लेकराला पाणी देणं अविश्वसनीय असेल तर मला ती शिवी चालेल.

त्या एक्केचाळीस दिवसांपायी तू अठरा वर्षं फेकलीस? मोसंबीच्या एका पेटीत दोन फळं किडकी निघाली तर बदनापूरचा व्यापारीसुद्धा आख्खा ट्रक परत करत नाही.

सुनावणीत हे १९८७ चं काढायचं नाही. तूही काढू नकोस. आपसात राहू दे. तू फक्त नोंदी बराबर आहेत एवढं लिहून दे.

कडूबा


२ मार्च २००३

धर्मराज,

हे पत्र लिहायला दोन दिवस लागले. मला लिहिताना पुटपुटायची खोड आहे. आख्ख्या गावाचं बोलणं माझ्या कानावर येतं म्हणून मी मिरवतो, पण माझं पुटपुटणं मागचं पत्र लिहिताना भाकरी थापता थापता तुझ्या वहिनीनं शब्द न शब्द ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती कमरबीकडं विरजण मागायला गेली आणि म्हणाली, "बाई, तुमच्यापायी आमच्या ह्यांनी एक्केचाळीस दिस रोज घागर आणली, मला कधी बोल्ले न्हाईत."

त्याच दुपारी कमरबी माझ्या नर्सरीत. चार गिऱ्हाइकं रोपं निवडत होती, त्यांच्यासमोर.

"क्यों कडूबाभाई, मेरे घर रोज पानी पहुँचाते थे तुम?"

मी म्हणालो, "वहिनी, आत बसा, चहा घ्या."

"चाय नको. गिनती सांगा. मैं तीन घागर ली. रजियाच्या चिल्ल्याच्या, चाळिसाव्या दिवसाच्या न्हाणाला, तीन दिवस. उसका एहसान आज बी मानती. बाकी अडतीस कुठं गेल्या? मेरे नाव पे कायको लिखता?"

गिऱ्हाइकांतलं एक हळूच म्हणालं, "लई जुनी उधारी दिसती." ती गर्रकन वळली. "उधारी नहीं, इल्जाम है."

तिला पाणी किती आणि कुठं गेलं हे चांगलं ठाऊक होतं. शेजारच्या तिच्या मागल्या दारातून तर सगळं दिसायचं.

तर आता तुलाही सांगतो. १९८७ साली आपल्या घरामागं, शेवग्याच्या सावलीत, मी रोपांच्या दोनशे पिशव्या मांडल्या होत्या. जांभेरी लिंबाचे खुंट, त्यावर माझ्या हातानं मोसंबीचे डोळे भरून कलमं केलेली. पगारातून तुझा होस्टेलचा खर्चा जायचा, बाकी उरायचं त्यात घर. ती दोनशे रोपं जगली तरच आपण जन्मभराचे चाकर राहणार नव्हतो. रोज एक घागर, पिशवीला चहाच्या कपाइतकंसुद्धा नाही. अडतीस घागरी तिथं गेल्या. चौदा रोपं मेली, एकशे शहाऐंशी जगली. दुष्काळ सरल्यावर तीच गावात गेली, त्यांच्या डोळ्यांवरून पुढची. आज "कडूबाची नर्सरी" अशी पाटी आहे ना रस्त्याला, ती त्या पाण्यावर उभी आहे. शेजारी बाळंतीण तहानलेली असताना मी रोपांना पाणी घातलं. तिनं मागितलं तेव्हा तीन दिवस दिलं, आणि त्याचं पुण्य एक्केचाळीस दिवसांवर पसरून तुला लिहिलं.

माझा तुझ्यावरचा राग कमी झालेला नाही. स्वतःवर आला तो वेगळा, तुझ्यावरचा जागच्या जागी आहे.

कारण त्याच रात्री कमरोद्दीन आल्ता. ओट्यावर बसला, सुपारी कातरायला लागला. मी म्हणालो, "तूबी शिव्या देऊन घे."

"मेरी बीवी ने दिये, बस है." मग म्हणाला, "एक बात बता. पानी में तूने घागर डाली. हवा में क्या डाला?"

मला कळेना.

"वाऱ्याचा वेग मोजायच्या फिरत्या वाट्या दुपारी कोण वाचायचा? मी. ती वही माझ्या हातची. तिच्यात एक आकडा झूट निघाला तर दाढी उतरवतो. तेरे भाई ने वो बी फेंक दी?"

मी उठलो, दिवा मोठा केला, तुझा रिपोर्ट काढला. पान एकोणसत्तर. "जिथे वाऱ्याच्या विश्वसनीय नोंदी उपलब्ध नाहीत तिथे वेग सेकंदाला दोन मीटर धरला आहे."

दोन मीटर! धर्मराज, तू या मातीत वाढलास. मे महिन्यात दुपारी वाळत घातलेलं लुगडं शेजारच्या शिवारात सापडायचं. आई उन्हाळ्यात चुलीला आडोसा म्हणून दाराला पोतं बांधायची, ते तू धरून उभा राहायचास. कमरोद्दीनच्या वहीत अठरा वर्षांच्या मे महिन्यांची सरासरी सेकंदाला चार पूर्णांक तीन मीटर आहे. तो वारा झाडाच्या पानातून पाणी ओढून नेतो आणि तुझ्या कॉम्प्युटरला तो माहीतच नाही. मी चोरी केली परातीत, आणि तू शिक्षा दिलीस वाऱ्याला. ज्यानं काहीच केलं नाही त्या माणसाची आख्खी वही तू माझ्या वहीबरोबर उकिरड्यावर टाकलीस. बर्फाच्या देशाचा वारा तुम्ही विचारून घेतलात. घरचा मात्र धरून चाललात.

मूळ वह्या केंद्र बंद झालं तेव्हा वरती गेल्या. पण कमरोद्दीन कार्बन घालून लिहायचा, त्याच्या प्रती त्याच्या पेटीत आहेत. झेरॉक्स काढून सोबत रजिस्टर पोस्टानं पाठवतो.

आणि आणखी एक. माझी ती तांब्याची घागर अजून घरात आहे. काल केंद्रातल्या माझ्या जुन्या मोजपात्रानं भरून बघितली. बारा लिटर. त्या परातीच्या तोंडावर ते पाणी पसरलं तर दहा पूर्णांक तीन मिलिमीटर होतं. लाल गोल केलेल्या प्रत्येक आकड्यातून तेवढं वजा कर. माझी चोरी रोज सारखी होती, ऊन रोज सारखं नव्हतं. काय उरतं ते तूच बघ.

दादा


१३ मार्च २००३

चि. धर्मराज,

काल सुनावणी झाली. तू आला नाहीस. मी दाराजवळच्या रिकाम्या खुर्चीकडं दोनदा बघितलं, एवढंच.

साहेब नवीन आहेत, तरुण, वागायला नम्र. त्यांनी तुझं पान त्रेचाळीस मोठ्यानं वाचलं. आमच्या संस्थेतले रामराव, अध्यक्षपद माझ्याकडं गेल्यापासून ज्यांची माझ्याशी राम-रामापुरती ओळख आहे, ते मागून म्हणाले, "साहेब, अविश्वसनीय म्हंजी काय, ते जरा मराठीत सांगा." लोक हसले. त्यांना वाटलं मी आता चिडून उठणार आणि अठरा वर्षांच्या सेवेवर भाषण देणार. तयार करून नेलं होतं ते भाषण.

उठलो आणि वेगळंच सांगितलं. तारखांसकट सांगितलं. घागर सोबत नेली होती, ती टेबलावर ठेवली. तीन कमरबीला, अडतीस माझ्या रोपांना.

 मग एक एक आवाज फुटायला लागला. बेबीनंदा, आपल्या कचरूची विधवा, त्या सालात तिची म्हैस पाण्यावाचून गेली. ती म्हणाली, "आम्ही कुलपाला हात जोडून परत जायचो, आन् तुम्ही आतून पिशव्या भिजवून राह्यल्ता?"  

साहेब म्हणाले, "मग हे रिपोर्टवाले डॉक्टरसाहेब बरोबरच म्हणतात. नोंदी वगळल्या ते योग्यच केलं."

तेव्हा कमरोद्दीन उठला. सदऱ्याला इस्त्री करून आला होता. कार्बनची वही उघडून साहेबांपुढं धरली. "ये पानी की वही नहीं, हवा की है. याच्यात कडूबाचं अक्षर एक बी न्हाई."

साहेबांनी वाचलं, दोन-चार पानं उलटली. म्हणाले, "वाऱ्याचा वेग मला बदलता येत नाही, मॉडेल माझं नाही. ज्यांनी ते चालवलं त्यांनी हा वारा घालून पुन्हा चालवलं आणि २८ तारखेपर्यंत लेखी कळवलं, तर मी पाळ्या पुन्हा बघेन. नाहीतर चार कायम."

रामराव म्हणाले, "पाळ्यांचं मागून बघू. चोराच्या हातात तलावाच्या गेटची किल्ली किती दिस ठेवायची?"

मी तिथंच राजीनामा लिहिला. पेन साहेबांचाच होता. किल्ली रामरावांच्या हातात दिली, त्यांनी ती खिशात घालायच्या आधी उलटीपालटी करून बघितली, जशी काही बदलली असेल.

बाहेर आल्यावर झुंबरबाई म्हणाली, "बरं झालं. पाठ मोकळी झाली." मला तसं काही वाटलं नाही. मला राग आला होता, अजून आहे. माझ्या चोरीची शिक्षा मला मिळाली, मान्य. पण तीनशे चाळीस एकरातल्या झाडांनी काय चोरलं? आणि तू, ज्याला सगळं अकरा दिवसांपूर्वी कळवलं, वह्या पाठवल्या, तो गप्प. तुझी अब्रू जाईल म्हणून? एक टीप खोडायची एवढी जड? मी भरल्या खोलीत घागर घेऊन उभा राहिलो रे. तुला तर बंद खोलीत एक आकडा बदलायचा आहे.

२८ तारीख. आज १३.

दादा


६ एप्रिल २००३

चि. धर्मराज,

तुझं पत्र २७ ला साहेबांना मिळालं आणि २९ ला मला. दोन्ही पोचली. पाडव्याच्या आधीच लिहायला हवं होतं, पण मला आधी तुझी सुधारलेली पानं नीट वाचायची होती, आणि तुला ठाऊक आहे मला किती वेळ लागतो.

कमरोद्दीनचा वारा घातल्यावर मे महिन्याचे सहा पूर्णांक नऊचे आठ पूर्णांक सहा झाले. परातीतून झाडापेक्षा जास्त उडतं, म्हणून माझ्या परातीचा आकडा सात-दशांशानं गुणला की आठ पूर्णांक आठ येतो. दोन दशांशांचा फरक राहिला, तो तुझ्या शास्त्राला ठेव. साहेबांनी पाच पाळ्या मंजूर केल्या, तलावात उरलं तर सहावी. पाचच दिल्या म्हणून आपले लोक अजून कुरकुरतात, मीही कुरकुरतो. पण ते एकतीस दिवसांचं अंतर गेलं.

कमरोद्दीनला मी सुधारलेल्या पानांतला तक्ता दाखवला. "वाऱ्याच्या नोंदी: शेख कमरोद्दीन, निंबळवाडी." त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. म्हणाला, "अंग्रेजी में मेरा नाम लंबा दिखता." रजियाला औरंगाबादला फोन करून सांगितलं म्हणे.

आता माझ्याबद्दल. मला वाटलं होतं तू १९८७ गुपचूप गाळून टाकशील. तू ते ठेवलंस. आणि खाली टीप घातलीस: "सदर एक्केचाळीस दिवस निरीक्षकाने रोज बारा लिटर पाणी अन्यत्र वापरल्याचे स्वतः कळवल्यावरून १०.३ मिमी वजा केले आहेत. उरलेले आकडे शेजारच्या वर्षांशी जुळतात." आणि निरीक्षकाचं नाव दिलंस. पूर्ण नाव, आडनावासकट. म्हणजे नऊ देशांत आता कळणार की निंबळवाडीच्या कडूबानं घागर चोरली होती. तू मला आधी विचारायला हवं होतंस. मी हो म्हणालो असतो, पण विचारायला हवं होतंस.

तू शेवटी लिहिलं आहेस, की ते दोन मीटर तू तपासले नाहीस, कारण वही उघडली असती तर माझं अक्षर दिसलं असतं आणि मंग तुला मला विचारावं लागलं असतं. तू तेवीसचा आकडा पहिल्यांदा बघितलास त्या दिवशीच तुला कळलं होतं की मी काहीतरी केलंय, आणि विचारण्यापेक्षा सगळं फेकणं सोपं वाटलं. हे वाचून मी तुझ्यावर पुन्हा चिडलो. मग ते झुंबरबाईला वाचून दाखवलं. या वेळी मुद्दाम, मोठ्यानं. ती म्हणाली, "तुमचाच भाऊ हाय."

पाणी सुटून आज चार दिवस झाले. रामरावांनी पाळीचे नंबर स्वतः लावले, माझा सगळ्यांत शेवटी, सत्ताविसावा.  पहिला नंबर बेबीनंदाचा होता. सकाळपासून पाण्याच्या चारीच्या कडेला बसून हे लिहितो आहे. माझ्या शेताच्या वरच्या शेतात आत्ता सव्विसावा नंबर चालू आहे, आणि वारा असा सुटलाय की कागद गुडघ्याखाली दाबून धरावा लागतो.

शनिवारी घरी ये. जालन्याच्या लॉजवर उतरू नकोस.

रामराव बांधावरून हात करत आहेत. माझं पाणी आलं.

दादा